घाटात वळेल आणि पाठ दुखणार नाही अशी गाडी कशी निवडावी : इंदूरच्या नवख्यांसाठी

इंदुरात गाडी घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न ॲव्हरेजचा, दुसरा किमतीचा, आणि तिसरा शेजारच्यांनी कुठली घेतली याचा. ती वळते कशी, आणि तीन तास चालवल्यावर मनगटं, कंबर, गुडघे काय म्हणतात, हे विचारणारं गिऱ्हाईक शोरूममध्ये क्वचितच दिसतं. आजवर घरची ॲक्टिव्हा नाहीतर बाबांची स्प्लेंडर चालवलीय आणि आता पहिली स्वतःची मोटारसायकल घ्यायचीय, अशांसाठी हे लिहितोय. रविवारी पहाटे राजेंद्रनगरहून निघून राऊ, महू करत जाम घाट उतरायचा, महेश्वरला नर्मदेवर पोहोचायचं, आणि सोमवारी त्याच गाडीवर विजयनगरला ऑफिस गाठायचं, एवढी साधी अपेक्षा धरलीय.

एक मुद्दा आधीच मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'वळणारी गाडी' आणि 'आरामाची गाडी' या दोन वेगळ्या जाती आहेत असं धरून लोक दोन टोकांना जातात. एक जण टाकीवर ओणवं व्हायला लावणारी स्पोर्ट्स बाइक घेतो, दुसरा पाय पुढे पसरायची क्रूझर. प्रत्यक्षात गाडी वळवायला हात मोकळे लागतात. अंगाचा भार मनगटांवर पडत असेल तर हँडल हलकं धरताच येत नाही, आणि आवळून धरलेल्या हँडलची गाडी वळणात अडखळते. म्हणजे नीट बसता आलं तरच नीट वळता येतं. म्हणून आधी बैठक बघायची, मग वळण, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

पायरी १ : स्वतःचा आठवडा मांडा

गाडी सोमवार ते शनिवार कुठे फिरणार? बहुतेकांचं प्रामाणिक उत्तर पलासिया, रीगल, राजवाडा असंच निघतं. दुसरा-तिसरा गिअर, सिग्नल, मध्येच घुसणारी ई-रिक्षा. घाट महिन्यातून एखाद्या वेळी. मग मागे कोण बसणार? आई किंवा आजी एका बाजूला पाय घेऊन बसणार असतील तर उंच, वेगळ्या तुकड्याची मागची सीट असलेल्या गाड्या तिथल्या तिथे यादीतून काढा. गाडी कितीही देखणी असली तरी घरच्यांना बसता येत नाही म्हटल्यावर ती दोन महिन्यांत ओएलएक्सवर जाते.

पैशाचं एकच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे ३४९ सीसी आणि ३९९ सीसी यांच्या ऑन-रोड किमतीत आता चांगलंच अंतर पडतं. पहिल्या गाडीला ३५० च्या आत राहिलात तर काही गमावत नाही, उलट उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट आणि हातमोजे येतात. हेल्मेट आयएसआय मार्कचंच घ्या. रस्त्याकडेला टांगलेली घेऊ नका.

पायरी २ : बैठक मोजा

शोरूमला जायच्या आधी घरीच एक माप काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांत घट्ट वर सरकवा, त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून ती मोजा. ही तुमच्या पायाची आतली लांबी. बुटाच्या तळव्याचे दोन-अडीच सेंटीमीटर त्यात धरा.

आता सीटची उंची. ॲक्टिव्हाची ७६५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५, रॉयल एनफिल्डच्या हंटर ३५० ची ७९० आणि क्लासिक ३५० ची ८०५, यामाहा एमटी-१५ ची ८१०. हे आकडे बघून पाच फूट चार इंचांचा माणूस घाबरतो, पण सीटची रुंदी त्यात दिसत नाही. दोन सीट सारख्याच उंचीच्या असल्या तरी जी टाकीजवळ निमुळती असते तिच्यावरून पाय सरळ खाली जातात आणि जी रुंद असते ती मांड्या फाकवते. शिवाय तुम्ही बसलात की शॉकअप थोडे दबतातच. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही. दोन्ही चवडे नीट टेकले, किंवा जरासं सरकून एक पाऊल पूर्ण टेकलं, की पुरे. पण मेन स्टँडवर किंवा सपाट फरशीवर बसून हे ठरवू नका. गाडी बाहेर काढा, रस्त्याच्या उताराला आडवी उभी करा आणि मग पाय टेकून बघा. आपल्याकडचे अर्धे सिग्नल असेच कलते आहेत.

मग त्रिकोण. सीट, फुटरेस्ट आणि हँडलची मूठ, या तीन जागांत तुमचं शरीर अडकवलेलं असतं. यातलं हँडल सगळ्यांना दिसतं, फुटरेस्टकडे कोणी बघत नाही. फुटरेस्ट जितकं वर आणि मागे, तितका गुडघा जास्त मुडपतो, पण तितकंच ते गाडी कलल्यावर जमिनीपासून लांब राहतं. फुटरेस्ट पुढे आणि खाली असलं तर गुडघा आरामात राहतो, पण वळणात ते लवकर घासतं. क्रूझरची खरी अडचण वेगळीच आहे. पाय पुढे असल्यामुळे खड्डा किंवा गतिरोधक आला की फुटरेस्टवर दाब देऊन बूड उचलता येत नाही, आणि सगळा धक्का थेट माकडहाडाला बसतो. ज्या शहरात कॉलनीच्या दर गल्लीत हौशी लोकांनी स्वतःच गतिरोधक बांधून ठेवलेत, तिथे हे रोजचं आहे. पहिल्या दहा मिनिटांत क्रूझर सोफ्यासारखी वाटते, म्हणूनच ती विकली जाते. माझं मत विचाराल तर पाठीचा त्रास असलेल्या माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

बैठकीची कसोटी अशी. गाडी स्टँडवर, कोणीतरी धरलेली. बसा, दोन्ही पाय फुटरेस्टवर घ्या, गुडघ्यांनी टाकी दाबा आणि हात हँडलवरून दोन बोटं वर उचला. पुढे कोसळायला होतंय? पोटाला लगेच ताण पडतोय? मग त्या गाडीवर तुमचा भार मनगटांवर जाणार. अर्धा मिनिट तसंच बसता आलं तर बैठक तुमची आहे. त्यानंतर हँडल धरून कोपरं बघा. ती थोडी वाकलेली आणि सैल हवीत. सरळ ताठ हात म्हणजे हँडल लांब. उंच माणसांनी उलटी बाजू तपासावी. हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ गुडघ्याला लागते का? लागत असेल तर राजवाड्याच्या गर्दीत यू-टर्न घेताना रोज चडफडाल.

सेल्समन म्हणेल, "सवय होऊन जाते साहेब." क्लचची सवय होते, हॉर्नचं बटण कुठे आहे त्याची होते. मनगटावरच्या भाराची सवय होत नाही, मुंग्या येतात.

पायरी ३ : कागदावरचे चार आकडे वाचा

इंजिनाची ताकद सगळ्यांना पाठ असते. वळणाची माहिती देणारे आकडे त्याच माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत असतात. व्हीलबेस म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर. ते कमी असलं की गाडी चटकन वळते, जास्त असलं की सरळ रस्त्यावर शांत राहते. पुढच्या शॉकअपचा कल किंवा रेक, अंशांत दिलेला. चपळ गाड्यांत तो साधारण २४-२५ अंश, क्रूझरमध्ये त्याहून बराच जास्त. चाकाचा व्यास, १७ इंच की १९. आणि वजन, पेट्रोलसह धरलेलं.

हे कोरडं वाटत असेल तर दोन जोड्या बघा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० आणि हंटर ३५० मध्ये इंजिन तेच, ३४९ सीसीचं, ताकदही सारखीच. पण क्लासिक १९५ किलो, व्हीलबेस १३९० मिलिमीटर, पुढचं चाक १९ इंची. हंटर १८१ किलो, व्हीलबेस १३७०, दोन्ही चाकं १७ इंची. एकामागोमाग एक चालवा. क्लासिक वळणात ठरलेल्या रेषेवर निवांत जाते, पण इंग्रजी एसच्या आकाराच्या वळणात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आणताना जोर लागतो. हंटर नुसत्या इशाऱ्यावर पडते, मात्र तिचा मागचा शॉकअप कडक आहे आणि खराब रस्त्यावर कंबरेला ते कळतं. हा फरक इंजिनाचा नाही, सांगाड्याचा आहे.

दुसरी जोडी यामाहाची. आर-१५ आणि एमटी-१५, दोन्हीकडे १५५ सीसीचं इंजिन, व्हीलबेस १३२५, वजन १४० किलोच्या आसपास. फरक मुख्यतः बसण्यात. आर-१५ चं हँडल खाली, दोन तुकड्यांत शॉकअपला लावलेलं. एमटीचं एकसंध, वर आणि रुंद. रुंद हँडलला तरफ जास्त मिळते, म्हणून नवख्या हाताला एमटी वळवायला सोपी जाते, शिवाय पाठ सरळ राहते. आर-१५ पुढच्या चाकावर जास्त भार टाकते, त्यामुळे वेगात, मोठ्या वळणांत पुढचं टोक काय करतंय ते हाताला छान कळतं. पण ते कळण्याइतका वेग आपल्या रस्त्यांवर ठेवावा असं मला वाटत नाही. तसा वेग आणि तशी वळणं हवीत तर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, जून २०२१ मध्ये सुरू झालेला. पण तो गाड्या बनवणाऱ्यांच्या चाचण्यांसाठी, तुमच्या-माझ्या रविवारासाठी नाही.

तर नवख्या माणसानं काय शोधावं? सरळ बसवणारी, एकसंध हँडलची, दोन्ही चाकं १७ इंची, वजन १८० किलोच्या आत किंवा आगेमागे. या चाळणीतून बऱ्याच गाड्या निघतात : एमटी-१५, सुझुकी जिक्सर, टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० ४व्ही, बजाजच्या पल्सर एन मालिकेतल्या काही, हंटर. बजेट मोठं असेल तर ट्रायम्फ स्पीड ४००, जी बजाज पुण्याजवळ चाकणला बनवतं, आणि केटीएम ३९० ड्यूक. ड्यूक वळते अप्रतिम, पण तिचा थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, अधीर आहे. पहिली गाडी म्हणून मी ती माझ्या भाच्याला घेऊ देणार नाही.

ब्रेकचं थोडक्यात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, पण त्यात फक्त पुढच्या चाकाचं, म्हणजे सिंगल चॅनेलही चालतं. घाटात उतरायचं मनात असेल तर दोन्ही चाकांचं घ्या. आणि साधं एबीएस गाडी सरळ असताना वाचवतं. कललेल्या गाडीत करकचून ब्रेक दाबला तर ते काही जादू करत नाही.

पायरी ४ : टायरवरची अक्षरं

टायरच्या बाजूला १४०/७० आर १७ असं काही छापलेलं असतं. १४० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्याच बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. २३२५ असतील तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. शोरूममध्ये बराच काळ उभ्या असलेल्या गाडीचं वय इथे उघडं पडतं.

मोठा टायर म्हणजे चांगलं वळण, हा समज इंदुरात फार घट्ट आहे. मित्रमंडळी सल्ला देतात, सियागंजात जाऊन मागे एक नंबर वाढवून टाक, दिसतेही भारी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत दाबल्या जातात, गोलाई बदलते आणि गाडी कलवताना अंदाज चुकतो. शिवाय टायर रुंद झाला की त्याच वळणाला, त्याच वेगात गाडी थोडी जास्तच कलवावी लागते. कंपनीनं दिलेलं माप बदलू नका.

शोरूममध्येच लावून देतात तो लेग गार्डही नीट बघून घ्या. बाहेर जास्त आलेला असला तर वळणात फुटरेस्टच्या आधी तोच रस्त्याला टेकतो, आणि तो लवचिक नसल्यामुळे पुढचं चाक उचलू शकतो. अरुंद आणि वर बसणारा घ्या.

पायरी ५ : टेस्ट राइड, खरी

शोरूमवाले एक चक्कर देतात. रस्त्याला लागा, पुढच्या चौकातून परत या, मागे त्यांचा पोरगा बसलेला. एवढ्यात कळतं फक्त पिकअप. थोडा आग्रह धरा. कामाच्या दिवशी सकाळी शोरूम उघडता उघडता जा, तेव्हा गर्दी नसते आणि पंधरा-वीस मिनिटं द्यायला त्यांनाही जड जात नाही. सुपर कॉरिडॉरवर मुळीच जाऊ नका. तिथल्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर कुठलीही गाडी छानच चालते.

चार गोष्टी करून बघा. पहिली, रिकाम्या जागी हँडल पूर्ण वळवून हळू यू-टर्न, डावीकडे आणि उजवीकडे. गाडी स्वतःहून आत कोसळत असेल किंवा ढकलावी लागत असेल तर इथेच कळतं. दुसरी, पाय फुटरेस्टवर दाबून, बूड उचलून एक गतिरोधक पार करा. उठताना हँडल ओढावं लागलं तर फुटरेस्टची जागा तुमच्यासाठी चुकीची. तिसरी, कुठेतरी खणून ठेवलेला रस्ता शोधा, इंदुरात तो पाच मिनिटांत सापडतो. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगानं जा आणि हातातली पकड सैल सोडा. चांगली गाडी हँडल हलवते पण रेषा सोडत नाही. चौथी, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात एका लांब वळणातून जा आणि फक्त स्वतःच्या खांद्यांकडे लक्ष द्या. ते कानांपर्यंत चढलेत का? चढले असतील तर गाडीनं अजून तुमचा विश्वास कमावलेला नाही.

उतरल्यावर लगेच गप्पा मारू नका. दोन मिनिटं तळहात, मनगट, मानेचा मागचा भाग आणि सीटखालचं हाड तपासा. पंधरा मिनिटांत जिथे जरासं दुखतंय, तिथे महेश्वरहून परतताना ठणकणार. आणि टेस्ट राइड जानेवारीच्या गारव्यात घेत असाल तर इंजिनाची गरम हवा कुठे फेकली जाते ते हात लावून बघा. एप्रिल-मेमध्ये सिग्नलला तीच हवा गुडघ्यावर येणार.

ज्यांना मागे बसवायचंय त्यांना सोबत न्या. बायको, आई, जे कोणी असेल ते. त्यांचा निकाल दोन मिनिटांत लागतो आणि तो बदलत नाही.

जुनी गाडी घेत असाल तर

मेन स्टँडवर लावा, पुढचं चाक वर उचलून हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी खाच लागल्यासारखं अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, गेलाय. पुढचे शॉकअप खालून पकडून मागेपुढे हलवा, खडखड नको. त्यांच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नको. मागून वीस पावलं दूर उभे राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा, चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, वाकलेला असेल तर डोळ्यालाच कळतं. लिव्हरची टोकं, फुटरेस्टच्या कडा आणि हँडलची टोकं घासलेली असली तर विक्रेत्याची कहाणी ऐकून घ्या, पण किंमत त्या ओरखड्यांप्रमाणे बोला. घासलेली गाडी मी एकवेळ घेईन, कोनसेट-चिमट्याला दुखापत झालेली नाही. ती वळणात कधीच पूर्ण सरळ होत नाही.

पायरी ६ : गाडी घरी आल्यावर स्वतःला बसवून घ्या

कंपनी गाडी कुणा एका सरासरी माणसासाठी बसवून पाठवते आणि आपण ती तशीच वर्षानुवर्षं चालवतो. अर्ध्या तासात, दोन पान्यांनी, बरीच गाडी तुमची होऊ शकते.

गाडीवर नेहमीसारखे बसा, हात सरळ पुढे ताणा आणि बोटं लिव्हरवर टाका. हाताच्या रेषेत मनगट वर मुडपत असेल तर लिव्हर उंच आहेत. ते किंचित खाली फिरवून घट्ट करा. क्लच धरून धरून मनगट दुखतं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं एवढ्यानं जातं, असा माझा अनुभव आहे. एकसंध हँडल असेल तर तेही क्लॅम्पमध्ये जरासं पुढे-मागे फिरवता येतं. एका वेळी थोडंसंच फिरवा आणि दोन दिवस चालवून बघा.

मागच्या शॉकअपला खाचांची रिंग असते, टूल किटमधल्या हुकासारख्या पान्यानं ती फिरते. एकटे असताना खालच्या खाचेत, मागे माणूस आणि सामान असताना वरच्या. हे न केल्यामुळे डबलसीट असताना गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि लोक म्हणतात की गाडी वळणात बाहेर पळते. ती खरोखरच पळते. बूड बसलं की पुढच्या शॉकअपचा कल वाढतो आणि चपळ गाडी क्रूझरसारखी वागू लागते.

हवा चिमट्यावर किंवा चेनकव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरप्रमाणे, आणि टायर थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा न विचारता दोन्हीकडे एकच आकडा मारतो, त्याला थांबवून पुढचा-मागचा वेगळा सांगा. नवे टायर गुळगुळीत असतात, पहिले शे-दोनशे किलोमीटर वळणं सांभाळून घ्या.

पायरी ७ : वळायला कुठे आणि कसं शिकायचं

जागा आधी सांगतो. राऊ-खलघाट हायवेवरचा गणेश घाट शिकण्यासाठी नाही. तिथे उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात सगळ्या माळव्याला ठाऊक आहेत. खंडवा रोडचा भेरूघाट देखणा आहे, पण बसगाड्या आणि ट्रक आपल्या बाजूला येतात, आणि श्रावणात ओंकारेश्वरची गर्दी वेगळीच. महू-मंडलेश्वर रस्त्यावरचा जाम घाट त्या मानानं बरा. अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजापाशी माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो, वळणावर वळण घेत. सकाळी लवकर जा. दिवस चढला की दरवाजापाशी सेल्फीवाल्यांच्या गाड्या आडव्यातिडव्या लागतात.

पण त्या आधी एखादं मोकळं मैदान गाठा आणि एकच गोष्ट शिका. साधारण तीसच्या पुढच्या वेगात उजवीकडे वळायचं असेल तर उजवी मूठ हळूच पुढे ढकलायची. उलटं वाटतं, पण गाडी उजवीकडे कलते आणि वळते. डावीकडे जायचं तर डावी मूठ. सायकल शिकलेल्या प्रत्येकाला हे अंगात माहीत असतं, डोक्याला माहीत नसतं. मुद्दाम, हलक्या दाबानं, दहा-वीस वेळा करा. ज्याला हे कळतं तो वळणात अचानक खड्डा आला तर गाडी हलवू शकतो. ज्याला कळत नाही तो अंग वाकवत राहतो आणि गाडी सरळच जाते.

मग वेग. कलण्याचा कोन गाडीच्या वजनावर नाही, वेगावर आणि वळणाच्या त्रिज्येवर ठरतो. ३० मीटर त्रिज्येचं वळण ४० च्या वेगानं घेतलं तर गाडी साधारण २३ अंश कलते. तेच वळण ६० नं घेतलं तर ४३ अंश. वेग दीडपट, पण टायरवरचा ओढा सव्वादोनपट. गाडी १४० किलोची असो की १९५ ची, हे गणित तेच राहतं. २३ अंशांवर तुमच्याकडे चुकायला जागा असते. ४३ वर बऱ्याच गाड्यांचं फुटरेस्ट घासू लागतं, आणि खाली थोडी जरी खडी असेल तर काही हातात राहत नाही.

म्हणून वेग आणि गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करा. वळणात शिरल्यावर थ्रॉटल किंचित उघडा ठेवा, म्हणजे शॉकअप स्थिर राहतात. नजर वळण संपतं तिथे ठेवा. खड्ड्याकडे बघितलंत तर खड्ड्यातच जाल, आणि समोरून येणाऱ्या ट्रककडे बघितलंत तर त्याच्याकडेच ओढले जाल. उतरताना पुढचा ब्रेक जपून आणि इंजिनाचा ब्रेक सढळ. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरा. डाव्या आंधळ्या वळणात आपली रेषा डावीच ठेवा. रेसिंगमध्ये शिकवतात तशी पूर्ण रस्ता वापरणारी रेषा आपल्याकडे समोरच्या बसला मान्य नसते.

ऋतू बघून जा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीनंतर तिचा पातळ थर बसतो. तो ओल्या डांबरासारखाच दिसतो, पण त्यावर टायरला काहीच धरायला मिळत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की गावाजवळच्या रस्त्याच्या कडेला शेंगा वाळत घातलेल्या असतात आणि गोल पिवळे दाणे वळणापर्यंत पसरतात. त्यावर चढलं की पुढचं चाक छर्ऱ्यांवरून गेल्यासारखं निसटतं. गाव लागलं, शेत लागलं की वेग कमी, आणि त्या पट्ट्यातून जाताना गाडी सरळ, ब्रेक नाही, क्लच नाही, थ्रॉटल जसा आहे तसा.

पहिल्यांदा घाट एकट्यानं, मागे कुणी न बसवता, आणि जाताना उतरून त्याच दिवशी चढून करा. चढताना बरंच कळतं, कारण वेग आपोआप कमी राहतो आणि थ्रॉटल उघडाच असतो. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि टायरच्या कडा बघा. दोन्ही बाजूंना न घासलेल्या चकचकीत पट्ट्या उरलेल्या असतील. मित्र त्यावरून चिडवतील, चिडवू द्या. बघायचं एवढंच की डावी आणि उजवी पट्टी सारख्या रुंदीची आहे का. एका बाजूची जास्त रुंद असेल तर त्या बाजूला तुम्ही अजून बिचकताय. बहुतेक नवख्यांची ती बाजू उजवी निघते, कारण उजव्या वळणात समोरून येणारी वाहतूक अगदी अंगाजवळून जाते. पुढच्या वेळी मैदानात उजव्या मुठीचा सराव डावीच्या दुप्पट करा.